सासऱ्यांच्या स्लाइड्स आणि पंचाहत्तरीचं सरप्राइज

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ओहायोत राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. नवरा अमेरिकन, मुलगी सातवीत. सासरे १९६९-७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सैनिक म्हणून व्हिएतनाममध्ये होते. सासूबाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. आता मोठं घर विकून सासरे मुलाजवळच्या लहान घरात राहायला येणार आहेत. आवराआवरीत तळघरात एक खोकं निघालं. त्यात स्लाइड्सचे तीन गोल ट्रे, काही छापील फोटो, रबरबँड लावलेली पत्रं, टेपची दोन छोटी रिळं आणि व्हिएतनामी भाषेत लिहिलेली एक पातळ वही आहे. वहीत एका तरुणाचा पासपोर्ट आकाराचा फोटो आहे. सासरे ह्या विषयावर कधीच बोलत नाहीत. "इतकी वर्षं मनात किती साचलं असेल! हे बघून ते एकदाचे मोकळे होतील," असं पत्रलेखिकेला वाटतं. म्हणून सगळं गुपचूप स्कॅन करून, मागे संगीत लावून, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला चाळीस पाहुण्यांसमोर दाखवायचं त्यांनी ठरवलंय. नवरा म्हणतो, "आहे तिथे ठेव." शिवाय तीन फोटोंत मृतदेह आहेत. पाच-सहा स्लाइड्समध्ये एकच व्हिएतनामी बाई हसताना दिसते, त्यामुळे "सासूबाईंना हे माहीत होतं का?" हा प्रश्न छळतोय. मुलीला शाळेत ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेसाठी प्रकल्प करायचाय. आणि सासऱ्यांच्या खांद्यावरचं लाल-पिवळं, स्ट्रॉबेरीसारखं चिन्ह कसलं, हे विचारायला त्यांनी एक फोटो माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलासुद्धा आहे.

उत्तर:

पंचाहत्तरी जरूर करा. औक्षण करा, त्यांना आवडतं ते जेवायला करा, चाळीस काय, साठ माणसं बोलवा. स्लाइड शो मात्र रद्द करा. बाकी गोष्टींवर विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे, ह्या एकीवर नाही, म्हणून ती आधी सांगितली.

सरप्राइज म्हटलं की ज्याला ते द्यायचं त्याला 'नको' म्हणायची सोयच उरत नाही. पडद्यावर स्वतःचा एकोणिसाव्या वर्षीचा चेहरा झळकला की तुमचे सासरे बहुधा हसतील, पाहुण्यांच्या टाळ्या घेतील, "थँक यू" म्हणतील. आत काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्या स्लाइड्समध्ये बिअरचे डबे घेऊन बंकरवर बसलेली, उघड्या अंगाची पोरं असतील. वॉशिंग्टनच्या स्मारकभिंतीवर त्या युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकनांची ५८ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. त्या पोरांपैकी कोण त्या भिंतीवर आहे, हे त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला नाही. तुम्ही त्या चेहऱ्यामागे कुठलं गाणं लावणार?

हे खोकं त्यांनी पंचावन्न वर्षं टाकून दिलं नाही आणि पंचावन्न वर्षं कुणाला उघडून दाखवलंही नाही. दोन्ही निर्णय त्यांचे होते. माणूस हयात आहे, बुद्धी शाबूत आहे, तर पुढचा निर्णयही त्यांनीच घ्यायचा. तुम्ही मला विचारताय की ह्यात काय दडलंय. त्यांना विचारायचं ते इतकंच: डॅड, ह्याचं पुढे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

आता 'साचलं असेल' ह्याबद्दल. कशावरून? व्हिएतनाममध्ये सुमारे २७ लाख अमेरिकन जाऊन आले. त्यातले कित्येकजण ट्रक चालवत होते, स्वयंपाक करत होते, हेलिकॉप्टर दुरुस्त करत होते, पगारपत्रकं टाइप करत होते. काहींनी जे पाहिलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. १९८० च्या दशकात अमेरिकन सरकारने ह्या माजी सैनिकांचा मोठा अभ्यास करवून घेतला. त्या वेळी पुरुषांमध्ये सुमारे १५ टक्क्यांना पीटीएसडीचा, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनावर राहून गेलेल्या आघाताचा, त्रास होता, आणि परतल्यानंतर कधी ना कधी तो होऊन गेलेले सुमारे ३० टक्के होते. हे आकडे लहान नाहीत, पण 'सगळेच' असाही त्यांचा अर्थ नाही. नुसत्या गप्प बसण्यावरून तुमचे सासरे कुठल्या गटातले, हे तुम्ही-मी सांगू शकत नाही.

गप्प बसायला दुसरी कारणंही असतात. आपल्याकडे १९७१ हून परतलेल्या जवानाची गावाने मिरवणूक काढली. ह्या पोरांना एकेकट्याने विमानात बसवून परत पाठवत. अख्खी पलटण एकत्र घरी आली असं नव्हे. प्रत्येकाची वर्षभराची मुदत वेगळी सुरू व्हायची, वेगळी संपायची. आठवड्यापूर्वी चिखलात झोपणारा मुलगा आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, आणि ज्यांच्याशी बोलावं ते सगळे मागे राहिलेले. त्यात तुमचे सासरे १९७० मध्ये परतले ते ओहायोत. त्याच वर्षी ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जमावावर ओहायोच्याच नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी मेले. त्या वातावरणात गणवेश कपाटात टाकून कामधंद्याला लागणं हा सरळ व्यवहार होता. पीटीएसडी हे निदानसुद्धा मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० मध्ये. म्हणजे पहिली दहा वर्षं त्रास झाला असला तरी डॉक्टरांकडे त्याला नाव नव्हतं. आणि नंतर चाळीस वर्षांचा संसार झाला, तेव्हा न बोलण्याची सवयच झाली असेल.

आणखी एक शक्यता तुम्ही धरलेली नाही. त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलेलं असू शकतं. आपल्याला सांगितलं नाही म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, असं घरातल्या माणसांना फार पटकन वाटतं.

त्या हसऱ्या बाईबद्दलही तेच. बहुतेक मोठ्या तळांवर सैनिकांच्या झोपड्या झाडायला, कपडे धुवायला, बूट पॉलिश करायला आसपासच्या गावांतल्या बायका रोज सकाळी फाटकातून आत यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. सैनिक आपसात वर्गणी काढून त्यांना महिन्याचे पैसे द्यायचे. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या पोराला रोज दिसणारी ती एकमेव बाई, त्यामुळे जवळपास प्रत्येकाच्या स्लाइड्समध्ये अशी एक असतेच. ती ह्यांच्यासाठी त्याहून जास्त कुणी होती का? असेलही. एकोणीस वर्षांचा, लग्न न झालेला मुलगा होता तो. सासूबाईंच्या वतीने आज रागावण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. स्लाइड्स बघताना तिचं नाव ते आपणहून घेतील तर घेतील.

तुमची स्ट्रॉबेरी मात्र मी सोडवू शकते. लाल पान, पिवळी किनार आणि मधून पिवळी वीज असेल, तर ते २५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं चिन्ह आहे. डिव्हिजनचं ठाणं हवाईत, म्हणून ते पान अळूचं. नाशिकच्या मुलीने अळूचं पान ओळखू नये! सैनिक स्वतःच त्याला थट्टेने 'इलेक्ट्रिक स्ट्रॉबेरी' म्हणत, त्यामुळे तुमची फार चूक नाही. त्या वर्षी ह्या डिव्हिजनचा मुख्य तळ सायगावच्या वायव्येला कू ची इथे होता, ज्या भागात व्हिएतकाँगने, म्हणजे अमेरिकनांशी लढणाऱ्या व्हिएतनामी गनिमांनी, जमिनीखाली मैलोन् मैल बोगदे खणले होते. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, पण माहिती गोळा करून त्यांची परीक्षा घ्यायला बसू नका. आणि माहेरच्या ग्रुपवरचा तो फोटो काढून टाका. मामा-मावश्या प्रेमळ असतात आणि फॉरवर्डही प्रेमानेच करतात.

आता विचारायचं कसं. आधी नवऱ्याशी बोला. तो 'राहू दे' म्हणतो ते निव्वळ कंटाळ्याने नसेल. ह्या बापाच्या घरात तो वाढलाय. चार जुलैच्या फटाक्यांना काय व्हायचं, दार जोरात आपटलं की काय व्हायचं, हे त्याने पाहिलंय किंवा तसं काहीच पाहिलेलं नाही. दोन्ही तुम्हाला कळायला हवं. तुम्ही सून आहात, शिवाय परदेशातून आलेल्या. तुम्हाला ते युद्ध शाळेत शिकवलेलं नाही आणि घरात त्याच्यावरून भांडणंही झालेली नाहीत. त्यामुळे कदाचित मुलापेक्षा तुमच्याशी बोलणं त्यांना सोपं जाईल. पण नवऱ्याला वगळून हे केलंत तर उद्या तो तुमच्यावरही चिडेल आणि बापावरही.

मग एखाद्या दुपारी, पाहुणे नसताना, खोकं होतं तसं त्यांच्यासमोर ठेवा. आवरताना हे सापडलं, मी आत पाहिलंय, हे सरळ सांगा. ते "फेकून दे" म्हणाले तर लगेच फेकूही नका आणि वादही घालू नका. "घर लागेपर्यंत माझ्याकडे ठेवते, मग पुन्हा विचारते," एवढं पुरे. "बघू या" म्हणाले तर त्यांच्याच हातात द्या. एका बैठकीला एकच ट्रे. पुढची स्लाइड कधी आणायची ते बटण त्यांच्याकडे. एखादी त्यांनी उचलून खिशात घातली तर तुम्ही पाहिलं नाही.

युद्ध कसं होतं, तुम्ही कुणाला मारलं का, असले प्रश्न विचारायचेच नाहीत. समोर जी वस्तू दिसते तिच्याबद्दल विचारा. हा कॅमेरा कुठे घेतलात? बहुतेकांनी लष्कराच्या दुकानात स्वस्तात मिळणारा जपानी कॅमेरा घेतलेला असायचा. डब्यातल्या रेशनमध्ये सगळ्यात वाईट काय होतं? हॅम आणि लिमा बीन्सचा डबा निघाला की शिव्या हासडायचे, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. हे कुत्रं कुणाचं? माझा आवडता प्रश्न म्हणजे: तुम्हीच फोटोत आहात, मग हा काढला कुणी? त्या एका प्रश्नातून कॅमेऱ्यामागचा मित्र बाहेर येतो. त्याचं खरं नाव त्यांना आठवणार नाही कदाचित, कारण तिथे सगळे टोपणनावांनीच ओळखले जायचे. फोटोतल्या शर्टावर आडनाव शिवलेलं असतं, ते भिंगातून वाचा. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून, आणि फोन टेबलावर दिसेल असा ठेवून.

स्लाइड्सच्या चौकटीही नीट बघा, कारण निम्मी माहिती तिथेच असते. कोडॅक्रोम ह्या रंगीत स्लाइड-फिल्मच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर कडेला महिना आणि वर्ष छापलेलं असतं, उदाहरणार्थ मार्च ७०. ही तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. फोटो त्याच्या आधी काही आठवडे काढलेला असेल. पुष्कळांनी फिल्म टपालाने पाठवून धुतलेल्या स्लाइड्स थेट घरच्या पत्त्यावर मागवल्या. तेव्हा चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेलं अक्षर सासऱ्यांचं आहे की त्यांच्या आईचं, हे पडताळून बघा. आईचं असेल तर ती मथळे पत्रांवरून लिहीत होती, म्हणजे तुमच्याकडची पत्रं आणि स्लाइड्स एकमेकांना जोडून वाचता येतील. ट्रेमधला क्रम मोडू नका. चौकटी बदलायच्या असं दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान शोधा.

स्कॅन करायला त्यांनी होकार दिला की मगच स्कॅन करा. स्लाइड कडेने धरायची, ओलं फडकं लावायचं नाही, हाताच्या फुग्याने धूळ उडवायची. तीन-चार हजार डीपीआय आणि टिफ फाइल, इतकं पुरतं. स्कॅनरमधली आपोआप धूळ काढायची सोय कोडॅक्रोमवर नीट चालत नाही, ती बंद ठेवा. कोडॅक्रोमचे रंग अंधारात पन्नास वर्षं चांगले टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली भराभर उडतात. त्या काळातली एक्टाक्रोम ही दुसरी रंगीत फिल्म असेल तर ती आताच गुलाबी पडली असेल आणि तिलाच पहिला नंबर द्या. छापील फोटोंच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका. खोक्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर काही फिल्म कुजायला लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी करा. ती दोन छोटी रिळं म्हणजे बहुतेक आवाजी पत्रं असतील. अनेक सैनिक आणि त्यांच्या घरचे अशी रिळं भरून एकमेकांना पाठवत. जुन्या टेपरेकॉर्डरवर हौसेने लावून तोडू नका, जाणकाराकडून डिजिटल करून घ्या, आणि पहिल्यांदा ती सासऱ्यांनी एकट्याने ऐकायची. त्यावर त्यांच्या आईचा आवाज असू शकतो.

मृतदेहांच्या तीन फोटोंविषयी. ते पाहून तुमची झोप उडाली हे समजू शकते. पण ते फोटो त्यांनीच काढले असा निष्कर्ष काढू नका. असले फोटो तळांवर हातोहात फिरायचे, प्रती काढल्या जायच्या, विकलेही जायचे. मुलीच्या हाती लागणार नाहीत अशा वेगळ्या पाकिटात ठेवा, पण फाडू नका. १६ मार्च १९६८ ला माय लाई गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. तिथे रॉनल्ड हेबर्ले हा लष्करी छायाचित्रकार हजर होता. लष्कराच्या कॅमेऱ्यातले कृष्णधवल फोटो त्याने लष्कराला दिले. जगाने जे पाहिले ते त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत फोटो, जे नोव्हेंबर १९६९ मध्ये क्लीव्हलँडच्या दैनिकाने छापले. आणि प्रत्यक्ष मारणारे सैनिक दिसत होते असे काही फोटो आपण नष्ट केले होते, हेही त्याने पुढे चाळीस वर्षांनी कबूल केलं. तुमच्या खोक्यात असं काही आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मात्र सैनिकाचा खासगी फोटो कधीकधी निव्वळ खासगी राहत नाही, आणि जाळलेला परत आणता येत नाही. ते पाकीट त्यांना दाखवा, काय करायचं ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर ते उत्तर मिळेपर्यंत तसंच ठेवा.

वहीचा प्रश्न मात्र ह्या सगळ्यापेक्षा निराळा आहे. स्लाइड्स सासऱ्यांच्या, वही त्यांची नाही. ती त्या फोटोतल्या मुलाची आहे, आणि तो बहुधा मेलेला आहे. शत्रूकडे सापडलेले कागद गुप्तवार्ता विभागाकडे द्यायचा नियम होता, पण खूप सैनिकांनी काही ना काही स्वतःजवळ ठेवलं. अमेरिकेचे त्या युद्धातले सुमारे दीड हजार लोक आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत आणि त्यांचा शोध सरकारी खर्चाने चालू आहे. व्हिएतनामच्या बाजूला हा आकडा दोन लाखांच्या घरात आहे. आपल्याकडे तिथी माहीत नसेल तर श्राद्ध कधी करायचं, ह्यावरून घरात केवढा घोळ होतो! तिथेही दरवर्षी मृत्युदिनाला वेदीपुढे धूप लावून घरची मंडळी जेवतात. मुलगा कुठे आणि कुठल्या दिवशी गेला हे माहीत नसलेली हजारो घरं अजून आहेत.

दांग थुई त्राम नावाची हनोईची तरुण डॉक्टर क्वांग न्गाय प्रांतात जखमींवर उपचार करत होती. जून १९७० मध्ये ती मारली गेली. तिच्या रोजनिशीच्या वह्या एका अमेरिकन सैनिकाने, नियम मोडून, घरी नेऊन पस्तीस वर्षं जपल्या. २००५ मध्ये तिच्या आईचा पत्ता लागला. मूळ वह्या टेक्सासमधल्या लबॉकला, टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम संग्रहात आहेत. आई त्या हातात घ्यायला म्हाताऱ्या वयात लबॉकपर्यंत आली होती.

तुमच्या वहीत कविता असतील, हिशेब असतील, नाहीतर तुकडीचं नाव आणि गावाचा पत्ता असेल. प्रत्येक पानाचा नीट फोटो घ्या, पानं सुटी करू नका, तो छोटा फोटो ज्या पानात आहे तिथेच राहू द्या. फोनवरच्या भाषांतराच्या अॅपवर विसंबून कुणाला काही कळवू नका. 'व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका' ही माजी सैनिकांचीच संघटना १९९४ पासून असे कागद, वस्तू आणि दफनाच्या जागांची माहिती गोळा करून व्हिएतनाममधल्या माजी सैनिकांच्या संघटनेपर्यंत पोचवते. सासऱ्यांना एवढंच सांगा की असा रस्ता आहे. ही वही कुठे मिळाली, कुठल्या महिन्यात, हे दोन शब्द त्यांनी सांगितले तरी त्या घराला त्याची किंमत फार आहे. त्यांच्यावर दबाव नको. पण स्लाइड्सच्या बाबतीत मी "ते म्हणतील तसं" म्हणते, तेवढ्या सहजपणे वहीच्या बाबतीत म्हणणार नाही. इथे एकदा नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

वेळेचंही भान ठेवा. बायको नुकतीच गेलेली, घर सुटतंय. निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, आजारपण अशा काळात, आयुष्यभर त्रास नसलेल्या माजी सैनिकांच्याही जुन्या आठवणी उसळून वर येतात, असं त्यांच्यावर काम करणाऱ्या संशोधकांना दिसलंय. हे खोकं उघडल्यावर त्यांची झोप गेली, पिणं वाढलं, ते फोन उचलेनासे झाले, तर स्लाइड्स बंद करा आणि मदत घ्या. व्हेट सेंटर नावाची समुपदेशन केंद्रं १९७९ पासून आहेत. तिथे पैसे लागत नाहीत आणि घरच्यांनाही बोलता येतं. तातडीची वेळ आली तर ९८८ लावून १ दाबायचं.

मुलीच्या प्रकल्पासाठी आजोबांचं खोकं वापरू नका. नोव्हेंबरची तारीख शाळेची आहे, आजोबांची नाही. तिला हवं तर तिने आजोबांना एकच फोटो निवडून द्यायला सांगावं आणि त्याच्यावर लिहावं. त्यांनी कुत्र्याचा दिला तर कुत्र्याचा. पुढेमागे त्यांना स्वतःलाच वाटलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणींचा प्रकल्प आहे, २००० पासून चालू असलेला. तिथे किमान अर्ध्या तासाची मुलाखत किंवा किमान दहा मूळ फोटोही घेतात. मूळ म्हणजे मूळच, ते परत मिळत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

भारतातल्या वाचकांनीही हे उत्तर परक्याचं समजू नये. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. व्हिएतनाममध्ये तो १९७३ पर्यंत होता, आणि आपल्या लष्करातले अधिकारी, जवान तिथे राहून आले. त्याच्या आधी १९५३-५४ मध्ये कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणारं भारतीय दल आपल्या मेजर जनरल थोरातसाहेबांच्या हाताखाली होतं. तेव्हा सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या ट्रंकेत पागोडासमोर उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो निघाला, तर ते सहलीला गेले होते असं समजून टाकून देऊ नका. आजी अजून असेल तर आजच बसा तिच्याजवळ.

शेवटी एक काम, जे तुमच्या पत्रात नाही पण मला सगळ्यात तातडीचं वाटतं. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ दरम्यान व्हिएतनामच्या भूमीवर पाऊल टाकलेल्या प्रत्येक सैनिकाचा एजंट ऑरेंज ह्या विषारी तणनाशकाशी संपर्क आला, असं अमेरिकन सरकार धरून चालतं. त्या संपर्कामुळे झाले असं मानल्या जाणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत टाइप-२ मधुमेह जुनाच आहे. उच्च रक्तदाब २०२२ च्या कायद्याने आला. म्हणजे त्यांना दरमहा भरपाई आणि उपचारांचा हक्क असू शकतो, आणि त्यासाठी एकही फोटो दाखवावा लागत नाही. लागतो तो सेवामुक्तीचा कागद, डीडी-२१४. तो हरवला असेल तर नवीन प्रत त्यांच्या सहीने मागवता येते. सुनेच्या सहीने नाही. ओहायोच्या ८८ ही काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, माजी सैनिकांचं कार्यालय आहे आणि तिथे अर्ज भरून द्यायचे पैसे घेत नाहीत. 'आम्ही करून देतो, टक्केवारी द्या' म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. कागद बहुधा ह्याच खोक्यात, पत्रांच्या गठ्ठ्याखाली असेल. सापडला की तो, वही आणि तिन्ही ट्रे सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये स्लाइड्सचं वाटोळं होतं. स्वतःच्या गाडीतून, एसी लावून न्या, आणि नव्या घरात तळघर किंवा माळा सोडून एखाद्या कपाटात ठेवा.